‘सिनिस्टर’ : शकुनाकडून संशयाकडे

१

इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात, तसेच इंग्रजी समीक्षेच्या परिचयातून घडलेल्या मराठी समीक्षेत, भयाशी निगडित अशी काही विशेषणे वारंवार भेटतात. ‘थ्रेटनिंग’, ‘मेनसिंग’, ‘ऑमिनस’ आणि ‘सिनिस्टर’ ही त्यांपैकी प्रमुख होत. मराठीत आणताना या चारही शब्दांसाठी ‘भयंकर’, ‘भीषण’, ‘भयावह’ यांपैकी हाती येईल तो शब्द योजण्याची प्रवृत्ती दिसते. त्यामुळे चार निरनिराळ्या अर्थच्छटा एकाच गडद रंगात बुडून जातात. यात सर्वाधिक हानी ‘सिनिस्टर’ या शब्दाची होते. इतर तीन शब्द या ना त्या रीतीने भयाचे किंवा भयकारणाचे वर्णन करतात. ‘सिनिस्टर’ मात्र मुख्यतः संशयाचे वर्णन करतो. तो वस्तूचा गुण सांगत असल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात पाहणाऱ्याने काढलेले अनुमान सांगतो.

हे विधान स्वीकारले तर त्यातून एक महत्त्वाचा प्रश्न निर्माण होतो. एखाद्या पात्राला, वास्तूला वा हास्याला हे विशेषण लावले जाते, तेव्हा तो निवाडा कोणाचा असतो? लेखकाचा, निवेदकाचा, की दुसऱ्या एखाद्या पात्राचा? आणि त्या निवाड्याला आधार कोणता? या प्रश्नांच्या अनुरोधाने या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे उपयोजन आणि मराठीतील त्याच्या प्रतिशब्दांची समस्या यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम समानार्थी मानल्या जाणाऱ्या शब्दांमधील भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ‘मेनस’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘मिनाए’ हा शब्द आहे. त्याचा रूढ अर्थ धमक्या असा असला, तरी पुढे झुकलेले टोक, भिंतीचा बाहेर आलेला भाग असाही अर्थ त्यात होता. अंगावर येणारी, वरून कोसळेल अशी वाटणारी वस्तू ही या शब्दामागील मूळ प्रतिमा होय. म्हणून ‘मेनसिंग’ जे असते ते कोणाच्या तरी दिशेने रोखलेले असते; ते लपून राहत नाही. ‘थ्रेटनिंग’मध्येही धाक उघडपणे दाखविलेला असतो.

‘ऑमिनस’चा संबंध ‘ओमेन’ म्हणजे शकुन या शब्दाशी आहे. लॅटिनमध्ये शकुन शुभ वा अशुभ कसाही असू शके. इंग्रजी विशेषणात मात्र अशुभाचीच छटा प्रबळ झाली. ‘ऑमिनस’मध्ये पुढे काही अनिष्ट घडणार याची सूचना असते, परंतु ते घडविणारा कर्ता असलाच पाहिजे असे नाही. क्षितिजावर दाटलेले ढग ‘ऑमिनस’ असतात. त्या ढगांच्या मनात काही नसते.

‘सिनिस्टर’ला मात्र कर्ता लागतो, आणि तो दडलेला असावा लागतो. सुरा उगारून चाल करून आलेला मनुष्य ‘थ्रेटनिंग’ असतो. तोच मनुष्य रिकाम्या हाताने, अवेळी, ओळख नसताना अतिशय गोड बोलत दाराशी उभा राहिला, तर त्याच्या गोड बोलण्याला ‘सिनिस्टर’ म्हटले जाईल. येथे भीती वाटते ती दिसणाऱ्या गोष्टीची नव्हे. दिसणारे आणि असणारे यांत अंतर आहे, या जाणिवेची. इंग्रजीत हे विशेषण ‘हेतू’, ‘डाव’, ‘स्मित’, ‘शांतता’, ‘योगायोग’ या अर्थाच्या नामांबरोबर सहज येते, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. स्मित, शांतता आणि योगायोग या स्वभावतः निरुपद्रवी गोष्टी आहेत. हे विशेषण त्यांच्या मागे काहीतरी उभे करते.

आणखी एक प्रयोगविशेष लक्षात घ्यावयास हवा. दैनंदिन इंग्रजीत हा शब्द अनेकदा नकारात्मक वाक्यांत येतो : अमुक घटनेत ‘सिनिस्टर’ असे काही नाही, असे सांगितले जाते. कोसळलेल्या भिंतीला कोणी ‘भीषण नाही’ असे म्हणून समजूत घालीत नाही. संशय मात्र दूर करता येतो. ज्या शब्दाचा उपयोग आरोपासाठी जितका होतो तितकाच आरोपाच्या निरसनासाठीही होतो, तो शब्द मुळात संशयाच्या प्रांतातला आहे हे उघड आहे.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत हा भेद अधिक नेमकेपणाने मांडता येतो. भय हा भयानक रसाचा स्थायी भाव. शंका ही भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. ‘मेनसिंग’ आणि ‘थ्रेटनिंग’ भयाच्या विभावांचे वर्णन करतात. ‘सिनिस्टर’ ज्या वस्तूला लावला जातो, ती वस्तू शंकेचा विभाव असते. शंका भयाची पोषक होऊ शकते, पण ती भयाहून भिन्न आहे. ती खरी ठरू शकते आणि खोटीही ठरू शकते. ‘सिनिस्टर’साठी ‘भयानक’ हा शब्द योजणे म्हणजे व्यभिचारी भावाला स्थायी भावाचे नाव देणे होय.

३

या शब्दाचा इतिहास याच दिशेने निर्देश करतो. लॅटिनमध्ये ‘सिनिस्टर’चा अर्थ केवळ ‘डावा’ असा होता. त्याचा प्रतियोगी ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. तो संस्कृत ‘दक्षिण’ या शब्दाचा सजातीय आहे. डाव्या बाजूला अशुभ मानणे हे लॅटिनमध्ये आरंभापासून नव्हते. रोमन शकुनविद्येत पक्ष्यांचे उड्डाण आणि विजेचे चमकणे आकाशाच्या कोणत्या भागात होते यावरून देवांची अनुकूलता ठरविली जाई, आणि तेथे डावी बाजू शुभ होती. याचे परंपरागत स्पष्टीकरण असे की, रोमन शकुनवेत्ता दक्षिणाभिमुख होई, त्यामुळे उगवतीची दिशा त्याच्या डाव्या हाताला येई. ग्रीक शकुनवेत्ता उत्तराभिमुख असल्यामुळे तीच पूर्व त्याच्या उजव्या हाताला येई. म्हणून ग्रीकांची उजवी बाजू शुभ. दिशा एकच, शुभत्वही तेच. बदलते ते पाहणाऱ्याचे तोंड.

सिसरो स्वतः शकुनवेत्त्यांच्या मंडळाचा सदस्य होता. इ. स. पू. ४४ मधील भविष्यकथनाविषयीच्या ग्रंथात त्याने नेमकी हीच विसंगती पुढे केली आहे. रोमनांना जे डावीकडून शुभ, तेच ग्रीकांना उजवीकडून शुभ असेल, तर चिन्हाच्या ठायी अर्थ आहे असे कसे म्हणावे, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख आहे. पुढे ग्रीक संस्कृतीचा प्रभाव वाढला तसा लॅटिन काव्यात डाव्याचा अशुभ अर्थ रूढ होत गेला. व्हर्जिलच्या काव्यात या संधिकालाच्या दोन्ही खुणा सापडतात. ‘इनीड’च्या दुसऱ्या सर्गात डावीकडे झालेला मेघांचा गडगडाट अँकायसीझला देवांचा कौल वाटतो, तर नवव्या गोपगीतात पोकळ ओकवृक्षावरून डावीकडे ओरडणारा कावळा धोक्याची सूचना देतो.

डाव्या बाजूविषयीची ही अस्वस्थता ग्रीकांनी वेगळ्या प्रकारे व्यक्त केली. डाव्याचे खरे नाव टाळून त्यांनी त्याला ‘अधिक चांगला’ किंवा ‘चांगल्या नावाचा’ अशा अर्थाची सौम्योक्तिरूप नावे दिली. संस्कृतातील ‘वाम’ हा शब्द येथे सहजच आठवतो. तो डावा, प्रतिकूल आणि सुंदर हे तिन्ही अर्थ धारण करतो; दैव ‘वाम’ असते आणि सुंदर डोळ्यांची स्त्री ‘वामलोचना’ असते. शकुनाच्या व्यवहारातही डावे सर्वथा अशुभ नव्हते. उजव्या अंगाचे स्फुरण पुरुषाला शुभ आणि स्त्रीला अशुभ, असा संकेत होता. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो तो शुभसूचक; पाचव्या अंकात शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो तो अशुभसूचक. कालिदासाने तेथे उजव्या डोळ्यासाठी ‘डाव्याहून इतर’ अशा अर्थाचा शब्द योजला आहे. चिन्ह तेच, पण वाहणारी व्यक्ती बदलताच अर्थ उलटतो.

रॉबर्ट हर्ट्झ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर लिहिलेल्या निबंधात, हातांमधील अल्पशा शारीरिक भेदावर समाज पवित्र आणि अपवित्र यांचे द्वैत लादतो, असे प्रतिपादन केले. मानवसमाजात सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी असतात. एका निरुपद्रवी शरीरधर्माचे नाव पुढे दुष्टाव्याचे विशेषण झाले, ही या शब्दाच्या इतिहासातील विसरू नये अशी गोष्ट आहे. अर्थापकर्षाचे हे उदाहरण केवळ भाषिक नाही. त्यात एका अल्पसंख्य समूहाविषयीचा संशय साठलेला आहे.

४

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमार्फत पंधराव्या शतकात आला. आरंभी तो चेहऱ्यासाठी नव्हे, तर माहिती, सल्ला, कुजबूज यांसाठी वापरला जाई; फसविण्याच्या हेतूने दिलेली माहिती ‘सिनिस्टर’ असे. म्हणजे इंग्रजीतील त्याच्या पहिल्या वावरातच छुप्या हेतूचा अर्थ होता. त्याबरोबर ‘डावा’ हा मूळ अर्थही टिकून होता. शेक्सपिअरने ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये कारागिरांच्या नाटकातील ‘भिंती’च्या तोंडी तो याच अर्थाने घातला आहे आणि त्यातून विनोद साधला आहे. ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये मात्र वंशाधिकाराचा दावा वाकड्या मार्गाचा नाही, हे सांगण्यासाठी तोच शब्द येतो. तेथेही वाक्य नकारात्मक आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

कुलचिन्हविद्येत तो आजही निव्वळ दिशावाचक आहे. तेथे ढालीची उजवी-डावी बाजू ढाल धारण करणाऱ्याच्या दृष्टीने ठरते. समोरून पाहणाऱ्याला ती उलट दिसते. ढालीवरील डावीकडून निघणारा तिरपा पट्टा हे अनौरसतेचे चिन्ह, अशी लोकसमजूत झाली आणि कादंबऱ्यांनी ती पसरविली. एका रेषेच्या कलावरून जन्माविषयीचा संशय व्यक्त होऊ लागला. येथेही वाहणारा आणि वाचणारा समोरासमोर उभे आहेत, आणि अर्थ वाचणारा ठरवितो आहे.

एकोणिसाव्या शतकातील एका उपयोगाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. जेरेमी बेंथॅम याने (१७४८-१८३२) आपल्या राजकीय आणि विधिविषयक लेखनात ‘सिनिस्टर इंटरेस्ट’ ही संज्ञा रूढ केली. सार्वजनिक हिताच्या नावाखाली वावरणारा, पण त्या हिताच्या विरोधी असलेला सत्ताधाऱ्यांचा वा एखाद्या वर्गाचा स्वार्थ, असा तिचा आशय आहे. न्यायव्यवहार गुंतागुंतीचा राहण्यात वकीलवर्गाचा लाभ असतो, हे बेंथॅमचे आवडते उदाहरण. जॉन स्टुअर्ट मिलनेही १८६१ मधील प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात ही संज्ञा स्वीकारली. येथे काळोख नाही, विद्रूप चेहरा नाही, भयाचा लवलेश नाही. तरीही शब्द पूर्णपणे योग्य आहे. बाह्य रूप आणि अंतःस्थ हेतू यांतील विसंगती हाच या शब्दाच्या अर्थाचा गाभा असून भय हा त्याचा आनुषंगिक परिणाम आहे, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

५

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांच्या सुप्रसिद्ध दीर्घकथेत (१८८६) या शब्दाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा दोन्ही पाहावयास मिळतात. कथेच्या आरंभीच हे विशेषण येते ते हाइडसाठी नव्हे, तर एका इमारतीसाठी. नीटनेटक्या, रंगविलेल्या दुकानांच्या ओळीत ही दुमजली वास्तू आपला तिकोनी माथा रस्त्यावर पुढे काढून उभी आहे. तिला खिडकी नाही. दाराला घंटा नाही, कडी नाही. पुढे झुकलेला हा माथा म्हणजे ‘मेनस’ची मूळ प्रतिमाच होय. परंतु वास्तू ‘सिनिस्टर’ ठरते ती तिच्या बंद, आंधळ्या दर्शनी भागामुळे : जिला खिडकी नाही तिच्या आत काय आहे?

उत्तर कथेत सावकाश मिळते. ही वास्तू म्हणजे कोपऱ्यापलीकडील चौकात उभ्या असलेल्या डॉ. जेकिल यांच्या प्रतिष्ठित घराचीच मागची बाजू आहे. एनफील्डला ही गोष्ट उशिरा कळते. ‘सिनिस्टर’ हे विशेषण वास्तूच्या स्वरूपापेक्षा तिच्या दडलेल्या नात्याकडे बोट दाखवीत होते, हे वाचकाच्याही तेव्हाच ध्यानात येते. दुष्टतेचे वेगळे घर नसते. सज्जनतेच्या घराचे ते मागचे दार असते.

हाइडच्या बाबतीत स्टीव्हन्सनने संशयाचीच मीमांसा केली आहे. त्याला पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यात काही व्यंग जाणवते, पण ते व्यंग नेमके कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. अटर्सन हा वकील मग अनुमान करतो की, हाइडला जेकिलच्या तारुण्यातील एखाद्या चुकीची माहिती असावी आणि त्या बळावर तो पैसे उकळत असावा. काहीतरी लपविले जात आहे, हा त्याचा संशय खरा आहे. काय लपविले जात आहे, याविषयीचा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. संशयाची दिशा बरोबर, निदान चूक. ‘सिनिस्टर’ या शब्दाची ज्ञानात्मक पातळी नेमकी एवढीच असते.

हस्ताक्षराचा प्रसंग या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. अटर्सनचा कारकून गेस्ट याला जेकिल आणि हाइड यांची अक्षरे जवळजवळ एकसारखी वाटतात. भेद फक्त त्यांच्या कलात. पुढे जेकिलच्या निवेदनातून कळते की, त्याने स्वतःचेच अक्षर मागे कलवून हाइडची सही तयार केली होती. रोमन लिपीत अक्षर मागे कलणे म्हणजे डावीकडे कलणे. स्टीव्हन्सन तेथे ‘सिनिस्टर’ हा शब्द उच्चारीत नाही, परंतु शब्दाचा जुना अर्थ त्या सहीत उतरला आहे. हात एकाच माणसाचा. केवळ कल बदलला आणि दुसरा माणूस जन्माला आला.

६

चिन्हे वाचण्याची ही क्रिया फसूही शकते. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये पहिल्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात डंकन राजा यजमानाच्या किल्ल्यासमोर येतो तेव्हा तेथील हवा त्याला प्रसन्न वाटते. बँको त्यात भर घालतो : देवालयांत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांनी येथे घरटी केली आहेत, म्हणजे हवा निर्मळ असली पाहिजे. हा पक्षिशकुनच आहे, आणि तो शुभ म्हणून वाचला गेला आहे. आधीच्या प्रवेशात लेडी मॅक्बेथच्या तोंडून डोमकावळ्याचा उल्लेख प्रेक्षकांनी ऐकलेला असतो. एकाच किल्ल्यावर दोन पक्षी आहेत. राजाला एक दिसतो, प्रेक्षकांना दुसरा. ज्या वास्तूविषयी संशय यावयास हवा होता ती राजाला ‘सिनिस्टर’ वाटत नाही, आणि रात्री तेथेच त्याचा खून होतो.

‘ऑथेल्लो’तील इयागोविषयी असेच म्हणता येईल. नाटकातील बहुतेक पात्रे त्याला प्रामाणिक समजतात. संशय ज्याच्यावर घ्यावयाचा तो सोडून डेस्डिमोनावर घेतला जातो. एखाद्या विद्यार्थ्याने ‘इयागो हे सिनिस्टर पात्र आहे’ असे लिहिले, तर त्याला विचारावयास हवे : कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या दृष्टीने हे विधान खरे आहे. ऑथेल्लोच्या दृष्टीने ते खरे नसणे हीच शोकांतिका आहे. या विशेषणाबरोबर दृष्टिकोण सांगितला नाही तर वाक्य अपुरे राहते.

७

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळता येईल. ‘अशुभ’, ‘अनिष्टसूचक’, ‘अपशकुनी’ हे शब्द ‘ऑमिनस’ला जवळचे, त्यांत कर्त्याच्या हेतूची सूचना नाही. ‘दुष्ट’ आणि ‘क्रूर’ यांत हेतू आहे, पण तो सिद्ध झालेला आहे. संशयाला जागा उरत नाही. ‘कपटी’ हा शब्दही निवाडा देऊन मोकळा होतो. त्या मानाने ‘कुटिल’ अधिक जवळचा आहे. कुटिल म्हणजे वाकडा, ‘ऋजु’च्या विरुद्ध, आणि मराठी ‘उजू’ व ‘उजवा’ हे शब्द ‘ऋजु’शीच जोडले जातात. उजवा तो सरळ, आणि सरळ नाही तो कुटिल, ही कल्पना लॅटिन शब्दाच्या इतिहासाशी समांतर जाते. व्यक्तींच्या संदर्भात ‘पाताळयंत्री’ आणि ‘आतल्या गाठीचा’ हे अस्सल मराठी शब्दप्रयोगही उपलब्ध आहेत. दुसऱ्यात तर गाठ आत असल्याचेच सांगितले आहे. बेंथॅमच्या संज्ञेसाठी ‘छुपा हितसंबंध’ पुरेसा आहे. तेथे भयसूचक शब्द आणल्यास अर्थहानी होईल.

परंतु मराठीची खरी समृद्धी विशेषणांत नसून वाक्प्रचारांत आहे. ‘यात काहीतरी काळेबेरे आहे’, ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ आणि ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ हे तीन प्रयोग पाहावेत. पहिल्या दोहोंतील ‘काहीतरी’ आणि ‘कोठेतरी’ या अव्ययांनी संशयाची अनिश्चितता प्रामाणिकपणे राखली आहे. तिसरा प्रयोग तर ‘सिनिस्टर’चा जणू सख्खा भाऊ आहे. पाल चुकचुकणे हा मुळात भिंतीवरचा, बाह्य शकुन. वाक्प्रचारात ती पाल मनात शिरली आणि शकुनाची शंका झाली. लॅटिन शब्दाचा प्रवासही शकुनाकडून संशयाकडेच झाला. मात्र एका ठिकाणी दोन्ही भाषांचे मार्ग वेगळे होतात. इंग्रजीने तो संशय पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवर चिकटविला : माणूस ‘सिनिस्टर’, घर ‘सिनिस्टर’, स्मित ‘सिनिस्टर’. मराठीने तो पाहणाऱ्याच्या मनात ठेवला. मराठी वाक्प्रचारात पाल कोणाच्या मनात चुकचुकली हे सांगावेच लागते. इंग्रजी विशेषणात ते झाकता येते.

अनुवादकाच्या दृष्टीने हा भेद अडचणीचा आहे, कारण विशेषणाच्या जागी वाक्यांश आणावा लागतो आणि इंग्रजीतील लाघव जाते. परंतु निवेदन एखाद्या पात्राच्या नजरेतून चालले असेल, तर वाक्प्रचारच अर्थाशी अधिक इमान राखतो. निवेदक स्वतःच्या अधिकाराने बोलत असेल, तर ‘कुटिल’ किंवा प्रसंगानुसार ‘गूढ आणि अशुभ’ असे जोडविशेषण योग्य ठरेल. कोणते निवडावयाचे हे कोश ठरवू शकत नाही. उताऱ्यातील दृष्टिकोणच ते ठरवितो.

८

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘सिनिस्टर’ हा भयवाचक नसून मुख्यतः शंकावाचक शब्द आहे. दोन, त्याच्या इतिहासात डावी बाजू कधी शुभ तर कधी अशुभ ठरली ती वाचणाऱ्याच्या स्थानामुळे. चिन्हाच्या अंगभूत गुणामुळे नव्हे. तीन, म्हणूनच समीक्षेत हे विशेषण वापरणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. एखाद्या पात्राचा पेहराव, चेहरा, अनोळखी भाषा वा शरीराचा वेगळेपणा एवढ्यावरून त्याला ‘सिनिस्टर’ म्हणणारे निवेदन समोर आले, तर अभ्यासकाने त्या निवेदनाची री न ओढता ते अनुमान तपासावयास हवे. तेथे खरोखर दडलेला हेतू आहे, की केवळ परकेपणा आहे?

वर्गात हा शब्द शिकविताना प्रतिशब्द सांगून थांबण्यापेक्षा उताऱ्यातील संशय कोणाचा, कशावरून आला आणि पुढे खरा ठरला का, एवढे विद्यार्थ्यांना शोधावयास लावले, तर शब्दार्थाबरोबर निवेदनमीमांसेचाही पाठ होईल. अटर्सनचा संशय अर्धा खरा ठरला, डंकनला संशय आलाच नाही, आणि ऑथेल्लोचा संशय निरपराध स्त्रीवर गेला. ही तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली असता, डावा हात दाखविणाऱ्या एका शब्दाने साहित्यात केवढे काम केले आहे आणि त्याच्यावर विसंबताना किती सावध राहावयास हवे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.